जिरोनाच्या कॉर्क-जंगलात ग्रॅव्हल सायकल: चढ, पाणी आणि मुरूम यांचा हिशोब

स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात, कॅटलोनियातलं जिरोना हे शहर आज युरोपभरच्या सायकलस्वारांचं माहेरघर झालं आहे. व्यावसायिक शर्यतपटू इथे घर करून राहतात, आणि 'द ट्राका' ही 360 किलोमीटरच्या अंतरामुळे नावाजलेली ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या मुरुमाच्या वाटांवरची, शर्यत इथूनच सुटते. पण शर्यतीशी काही देणंघेणं नसलेल्या माणसासाठी खरी संपत्ती आहे ती शहराच्या आग्नेयेला लागलेला गावारेसचा डोंगराळ जंगलपट्टा. बुचाची साल देणारी कॉर्क ओकची झाडं, कच्च्या वनवाटा, अधूनमधून दगडी वाडे, आणि झाडांच्या फटींतून लांबवर दिसणारा समुद्र.

गावारेसचा सर्वांत उंच माथा पुच दार्केस. त्याची उंची सुमारे 530 मीटर, म्हणजे समुद्रसपाटीपासून मोजली तर आपल्या सिंहगडाच्या निम्म्याहूनही कमी. हा आकडा पाहून लोक शंभर किलोमीटरचा दिवस आखतात आणि दुपारी दोन वाजता पाण्याशिवाय एखाद्या ओढ्यात उभे असतात. इथला डोंगर उंच नाही, पण तो सतत वरखाली होतो. दोनशे मीटर चढा, दीडशे उतरा, पुन्हा चढा, असं दिवसभर चालतं. म्हणून या भागासाठी माझा आग्रह एकच आहे: किलोमीटर शेवटी मोजा. आधी चढ किती, पाणी कुठे आणि उतार कोणत्या मातीवर, हे ठरवा.

ऋतू आणि आगीचा नकाशा

मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत आणि सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत, हे दोन काळ उत्तम. वसंतात वाटेच्या कडेला सिस्टसची पांढरी-गुलाबी फुलं फुललेली असतात. शरदात आर्बुटसच्या झाडावर एकाच वेळी फुलं आणि लाल फळं दिसतात. जुलै-ऑगस्ट मात्र मी कुणालाच सुचवणार नाही. ऊन तर असतंच, पण मुख्य कारण वणवा आहे.

कॅटलोनियाचं सरकार 'प्ला आल्फा' नावाची योजना राबवतं. त्यात आगीच्या धोक्याची पातळी रोज जाहीर होते, आणि धोका फार वाढला की अख्ख्या डोंगररांगेत जायला बंदी येते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी सकाळी असं दोनदा हे पाहायचं. बंदी असेल तर मुकाट्याने दुसरा बेत करायचा. 15 मार्च ते 15 ऑक्टोबर या काळात जंगलात आणि जंगलाच्या हद्दीपासून 500 मीटरच्या पट्ट्यात विनापरवाना आग पेटवायला मनाई असते. चहासाठी छोटा स्टोव्ह नेण्याची सवय असेल तर तो घरीच ठेवा.

शरदात तीन गोष्टी ध्यानात ठेवा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अचानक धो-धो पाऊस होतो आणि एरवी कोरडे असणारे ओढे तासाभरात फुगतात. पाणी गढूळ असेल आणि तळ दिसत नसेल, तर सायकल घालू नका. दुसरं, याच सुमारास रानडुकरांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि शनिवार-रविवारी हाकारे होतात. वाटेच्या तोंडाशी तसा फलक दिसला, की मागे फिरून दुसरी वाट धरा. अशा दिवशी भडक रंगाचा जॅकेट घातलेला बरा. तिसरं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि संध्याकाळी सहाच्या आतच सूर्य मावळतो. दिवे सोबत हवेतच.

पायाखालची जमीन

गावारेसचा उत्तर आणि मधला भाग मुख्यतः पाटीच्या दगडाचा आणि शिस्टचा आहे. हा खडक थरांनी फुटतो. चढावर त्याची पकड चांगली मिळते, पण वर आलेल्या पातळ कडा टायरची बाजू ब्लेडसारखी कापतात. दक्षिणेला रोमान्या दे ला सेल्वा या गावाकडे गेलात की ग्रॅनाइट लागतो. ग्रॅनाइट कुजून त्याचा जो भरड, पिवळसर मुरूम होतो त्याला तिथे 'साउलो' म्हणतात. दाबून बसलेला साउलो म्हणजे सायकलसाठी सुख. पण वळणावर त्याचा सुटा थर साचलेला असला, तर चाक असं सरकतं जणू फरशीवर ज्वारी सांडली आहे.

एकाच फेरीत हे दोन्ही भेटतात आणि दोन्हीवर चालवण्याची रीत वेगळी आहे. सकाळच्या शिस्टवर आलेला आत्मविश्वास दुपारच्या साउलोवर घेऊन जाऊ नका.

सायकल: भाड्याने की स्वतःची?

आठवड्याभरासाठी जाणार असाल तर भाड्याची घ्या. जिरोनात ग्रॅव्हल सायकली भाड्याने देणारी दुकानं भरपूर आहेत. भारतातून खोका नेण्याचा खर्च, त्यातली भीती आणि विमानतळावरची धावपळ यांत अर्धा उत्साह संपतो. आपले पेडल, आपली सीट (खूप अंगवळणी पडलेली असेल तर) आणि सीटच्या उंचीचं माप तेवढं सोबत न्या. बार्सिलोनाहून जिरोनाला वेगवान रेल्वेने साधारण चाळीस मिनिटं लागतात. साध्या प्रादेशिक गाडीला वेळ जास्त लागतो, पण तिच्यात सायकल तशीच चढवता येते.

भाड्याची सायकल घेताना सर्वांत आधी ब्रेक बघा. भारतात बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. स्पेनमध्ये पुढचा ब्रेक डाव्या हाताला येतो. सपाट डांबरावर हा फरक जाणवतही नाही. पण सुट्या मुरुमाच्या उतारावर घाबरून 'मागचा' म्हणून डावा दाबला, की पुढचं चाक जागेवर आवळतं आणि माणूस खाली येतो. आरक्षण करतानाच ब्रेक आपल्या सवयीप्रमाणे बदलून मागा. हायड्रॉलिक ब्रेकची अदलाबदल पाच मिनिटांत होत नाही, म्हणून आधी कळवलेलं बरं. बदलून मिळाले नाहीत तर पहिला अर्धा दिवस सपाट वाटेवर घालवा आणि हातांना नवी सवय लागल्यावरच डोंगराकडे वळा.

गिअरच्या बाबतीत हट्ट करू नका. पुढच्या चक्रीचे आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रीचे दाते निदान सारखे हवेत, म्हणजे 40 ला 40. मागे 42 किंवा 44 असेल तर आणखी छान. पेडलच्या मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर 40 ला 40 वर ताशी पावणेआठ किलोमीटरचा वेग येतो. आता 75 किलोचा माणूस, सायकल आणि सामान मिळून 12 किलो, आणि चढ 15 टक्क्यांचा असं धरा. तेवढ्या वेगाला जवळपास 300 वॉट लागतात. हौशी सायकलस्वाराला ही ताकद काही मिनिटंच टिकवता येते. गावारेसमध्ये 15 टक्क्यांचे तुकडे वारंवार येतात, म्हणून हलका गिअर हा इथे ऐषआराम नाही, गरज आहे.

टायर 40 ते 45 मिलिमीटर रुंदीचे, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले), बाजू मजबूत असलेले. हवा किती भरायची यावर वाद घालणारे खूप भेटतील. 70 किलो वजनाच्या माणसाने 45 च्या टायरला पुढे 28 आणि मागे 31 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) इथपासून सुरुवात करावी. खडकावर रिम आपटल्याचा आवाज आला तर दोन पीएसआय वाढवा. चढावर मागचं चाक घसरत असेल किंवा हाताला मुंग्या येत असतील तर दोन कमी करा. पहिल्या दिवशी खिशात छोटा गेज ठेवून हे जमवलंत, की उरलेला आठवडा निवांत.

मार्ग कसा आखायचा

नवख्यांसाठी मला सर्वांत आवडणारी फेरी अशी: जिरोनातून एल्स आंजेल्सचा डोंगर, तिथून वनवाटांनी सांता पेलाया, पुढे पुच दार्केसच्या अंगाने रोमान्या, मग उतरून ल्यागोस्तेरा, आणि शेवटी जुन्या रेल्वेमार्गावरून परत जिरोना. आखाल त्याप्रमाणे 65 ते 75 किलोमीटर आणि 1,200 मीटरच्या आसपास चढ होतो.

वेळेचा अंदाज असा बांधा. मध्यम तयारीचा माणूस कच्च्या वाटेवर तासाला 400 ते 500 मीटर उंची चढतो, म्हणजे चढातच अडीच ते तीन तास गेले. उरलेल्या अंतराला ताशी 18 चा वेग धरला तर आणखी अडीच तास. पाणी, जेवण, फोटो आणि एखादी दुरुस्ती यांना दीड तास. एकूण सात तास. सकाळी साडेआठला निघालात तर साडेतीनला परत, आणि काही बिघडलंच तरी हाताशी उजेड उरतो.

नकाशासाठी कॅटलोनियाच्या नकाशा आणि भूगर्भ संस्थेचे नकाशे मोफत मिळतात आणि अतिशय बारकाईने केलेले आहेत. मार्ग आखल्यावर उपग्रहचित्रात प्रत्येक तुकडा पाहून घ्या. दोन चाकोऱ्या स्पष्ट दिसत असतील तर ती वनवाट. रेघ झाडीत हरवत असेल तर ती पायवाट, आणि तिच्यावर ग्रॅव्हल सायकल घालू नये. पांढरे-लाल आणि पांढरे-पिवळे पट्टे हे पायी चालणाऱ्यांच्या मार्गांचे असतात, ते सायकलला योग्य असतीलच असं नाही. दरीत फोनला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून नकाशा उतरवून घ्या. आणि प्रत्येक पंधरा-वीस किलोमीटरवर डांबरी रस्त्याला उतरणारी एक सुटकेची वाट आधीच हेरून ठेवा. या फेरीत सांता पेलाया हे तसं ठिकाण आहे. तिथून डांबरी रस्त्याने खाली कासा दे ला सेल्वाला जाता येतं आणि तिथे रेल्वेमार्ग लागतो.

हा रेल्वेमार्ग म्हणजे जिरोना ते सांत फेलिऊ दे गिशोल्स अशी 1892 साली सुरू झालेली आणि 1969 साली बंद पडलेली अरुंद रुळांची गाडी. रूळ गेले, पण सौम्य उताराची वाट उरली. सुमारे 40 किलोमीटरच्या या वाटेवर आता चालणारे आणि सायकलवाले असतात. पोहोचल्याच्या दिवशी पाय मोकळे करायला हिच्याइतकी चांगली जागा नाही. जिरोना ते कासा आणि परत, असे तीसएक किलोमीटर झाले की प्रवासाचा शीणही जातो आणि ब्रेकचा सरावही होतो.

पाणी आणि खाणं

गावारेसच्या माथ्यावर गावं विरळ आहेत. एल्स आंजेल्स सोडलं की रोमान्यापर्यंत पाणी मिळेल असं धरूच नका. बेताच्या थंडीत तासाला अर्धा ते पाऊण लिटर, उन्हात लिटरभर असा हिशोब ठेवा आणि निदान दोन लिटर अंगावर किंवा सायकलवर घेऊन चढा. बाटल्यांपैकी एकीत मीठ-साखर असू द्या. वाटेत जुने दगडी झरे लागतात. त्यावर 'नो पोताब्ले' लिहिलं असेल तर पाणी पिण्यासारखं नाही. 'नो त्राक्तादा' म्हणजे शुद्ध न केलेलं. स्थानिक लोक पितात, पण लांबून आलेल्या पोटाने ते टाळावं.

एल्स आंजेल्सच्या टोकावर एक जुनं देवस्थान आहे. चित्रकार साल्वादोर दाली आणि गाला यांचं धार्मिक लग्न 1958 साली इथेच लागलं. तिथे उपाहारगृह आहे, पण ते उघडं असेलच या भरवशावर राहू नका. छोट्या गावांतली खानावळ साधारण एक ते साडेतीन एवढीच चालते, आणि नंतर कॉफीखेरीज काही मिळत नाही.

शाकाहारी वाचकांसाठी: टोमॅटो चोळलेला पाव, म्हणजे 'पा आम तुमाकेत', सगळीकडे मिळतो आणि पोटाला उत्तम. भाजलेल्या वांगी-मिरच्यांची 'एस्कालिवादा' चवीला आपल्या भरताच्या जवळची, पण तिच्यावर अनेकदा अँकोवी मासे ठेवलेले असतात, तेव्हा आधी विचारा. बटाट्याच्या 'त्रुइता'मध्ये अंडं असतं. 'मांस नको' एवढं म्हणून भागत नाही, कारण मासे आणि हॅम यांना तिथे कित्येकजण मांसात धरत नाहीत. मासे नको, हॅम नको, असं वेगळं सांगा.

सायकलवर खायला आपली शेंगदाण्याची किंवा राजगिऱ्याची चिक्की, खजूर, सुके अंजीर. तासाला साठेक ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, आणि भूक लागण्याची वाट न बघता पहिल्या अर्ध्या तासापासून. तूप, पेढे, बर्फी नेण्याच्या फंदात पडू नका. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

चढ

कच्च्या चढावर उभं राहून पेडल मारायचा मोह आवरा. उभे राहिलात की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते जागेवर फिरतं. सीटच्या पुढच्या टोकावर सरका, कोपर वाकवा, छाती हँडलकडे न्या, आणि पेडल गोल फिरू द्या, धक्के देऊ नका. चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर टाका. साखळीवर पूर्ण जोर असताना गिअर बदलला की ती कुरकुरते आणि एखादवेळी तुटतेही. नजर चाकापुढे नको, आठ-दहा मीटर वर हवी. दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर पाला आणि सुटे दगड असतात, चाकोरीत जमीन दाबलेली असते. पावसाने चाकोरी खोल चर झाली असेल तर मात्र उलट करा.

पाय टेकावा लागला तर थोडं खाली ढकलत न्या, आडवे उभे राहून एक पाय पेडलमध्ये अडकवा आणि तिरप्या रेषेत सुरुवात करा. सायकल ढकलत चढण्यात कमीपणा काहीच नाही. 18 टक्क्यांच्या तुकड्यावर चालणारा आणि चालवणारा जवळपास एकाच वेळी वर पोहोचतात, आणि चालणाऱ्याच्या पायात पुढच्या चढासाठी ताकद उरलेली असते.

उतार

उताराकडे सर्वांत जास्त लक्ष द्या, कारण दुखापती इथे होतात.

हात हँडलच्या खालच्या वाकाला. तिथून ब्रेकचा दांडा एका-दोन बोटांनी ओढता येतो आणि आपटलं तरी हात सुटत नाही. पेडल आडव्या रेषेत, गुडघे सैल, बूड सीटपासून किंचित वर. वेग वळणाच्या आधी कमी करायचा. वळणात शिरल्यावर दोन्ही ब्रेक सोडून चाकांना लोळू द्यायचं. साउलोवर हा नियम मोडला तर दुसरी संधी मिळत नाही. वळताना बाहेरचा पाय खाली दाबा आणि सायकल कलू द्या, पण अंग तेवढं कलवू नका.

पाणी वळवण्यासाठी वाटेवर आडवे मातीचे बांध घातलेले असतात. दुरून ते दिसतच नाहीत, कारण कॉर्क ओकच्या सावलीत उजेडाचे ठिपके नाचत असतात आणि जमिनीचा उंचसखलपणा त्यात हरवतो. काळा चष्मा इथे घातक. उजेडानुसार बदलणारी किंवा फिकट पिवळी काच लावा.

आणि साखळ्या! या जंगलाचा बहुतांश भाग खासगी मालकीचा आहे. गाड्या शिरू नयेत म्हणून दोन खांबांमध्ये वाटेवर आडवी लोखंडी साखळी बांधलेली असते. कधी तिच्यावर छोटी पाटी लटकते, कधी नुसतीच गंजलेली, मातीच्या रंगाची. उताराच्या तळाशी, जिथे वाट डांबरी रस्त्याला मिळते, तिथे ती असण्याची शक्यता सर्वांत जास्त. दोन खांब दिसले की मधे साखळी आहे असंच समजा. अनोळखी वाटेवर समोर जेवढं अंतर स्वच्छ दिसतं, त्याच्या निम्म्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवा. वाट पूर्ण ओळखीची झाल्यावरसुद्धा हा नियम सोडू नका. काल नसलेली साखळी आज असू शकते.

बिघाडाची पिशवी

शिस्टच्या कडेने टायरची बाजू कापली गेली तर सीलंट (टायरमधलं भोक बुजवणारं द्रव) आणि प्लग (भोकात खुपसायची रबरी पट्टी) पुरत नाहीत. आतून लावायचा जाड टायर-पॅच आणि एक ट्यूब हवीच. टायरमधलं सीलंट 50 मिलिलिटरच्या आसपास ताजं आहे का, हे भाड्याच्या दुकानात विचारून घ्या. काट्यांना इथे तोटा नाही: गॉर्सची झुडपं, रानब्लॅकबेरी, स्मायलॅक्सच्या वेली. हातपंप, साखळीची जोडकडी, मल्टीटूल, ब्रेकपॅडची एक जोडी आणि गिअर-हँगर (मागचा गिअर ज्याला लटकतो तो तुकडा) एवढं घ्या. टायरात हवा भरायची गॅसची नळकांडी विमानात नेताना नियम आड येतात, म्हणून पंपच बरा. प्रथमोपचाराची छोटी पिशवी आणि चंदेरी आपत्कालीन चादर मिळून पाव किलोही भरत नाही. मदतीसाठी 112. शक्यतो एकट्याने जाऊ नका, आणि गेलात तर मार्ग कुणाला तरी पाठवून ठेवा. शेंगेन व्हिसासाठी 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. त्यात सायकलिंगचा समावेश आहे का, हे अटी वाचून पक्कं करा. शहराबाहेरच्या रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचं आहे आणि वाहतूक उजवीकडून चालते. वनवाटेवरून डांबरावर येताना नेमकं हेच विसरायला होतं.

झाडांशी कसं वागावं

वाटेत खोडाचा खालचा भाग लाल-तपकिरी, सोलल्यासारखा दिसेल. ती कॉर्क काढलेली झाडं. उन्हाळ्यात, झाडाची साल सुटी होते तेव्हा, कुऱ्हाडीने ती उभ्या फळ्यांत सोलतात, आणि मग त्याच झाडाला कॅटलोनियात बारा-चौदा वर्षं हात लावत नाहीत. झाड जिवंत राहतं आणि साल पुन्हा धरतं. ही साल म्हणजे वणव्यापासूनचं चिलखत आहे. आगीतून गेलेलं कॉर्क ओक वरच्या फांद्यांतून पुन्हा पालवतं. पण नुकतं सोललेलं खोड उघडं आणि नाजूक असतं. आतल्या थराला इजा झाली तर पुढची साल नीट येत नाही. म्हणून पेडल किंवा हँडल घासेल अशी सायकल त्या खोडाला टेकवू नका आणि त्यावर नाव तर मुळीच कोरू नका. वाटेच्या कडेला रचलेले सालींचे ढीग कुणाच्या तरी वर्षांच्या वाट पाहण्याची कमाई आहे, त्यांना हात लावू नका. फाटक बंद असेल तर उघडून पुन्हा बंद करा, घोडे आणि चालणारी माणसं दिसली की थांबून वाट द्या.

रोमान्याला पोहोचलात तर पाच मिनिटं काढून 'कोवा दॅन दायना' बघा. ग्रॅनाइटच्या शिळांची ही समाधी चार-पाच हजार वर्षं जुनी आहे, भोवती दगडांचं वर्तुळ, आणि वर तीच कॉर्क ओकची सावली.

इकडची तयारी

पुण्या-मुंबईतून जाणाऱ्यांनी दोन महिने आधीपासून आठवड्यातून एक दिवस लांब चढाचा ठेवावा. सिंहगड किंवा ताम्हिणी यांनी फुप्फुसं तयार होतात, पण ते डांबर आहे. गावारेससाठी लागतो तो मुरुमावरचा सराव: मुळशी-मावळकडच्या कच्च्या वाटा, किंवा कोकणातले जांभ्याचे रस्ते. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये वळणांवर सुटे खडे साचतात. तिथे रिकाम्या वाटेवर, कमी वेगात, वळणाआधी ब्रेक आणि वळणात मोकळी चाकं एवढंच पुन्हा पुन्हा करा. एका चढावर थांबून पुन्हा सुरुवात करण्याचा सरावही इथेच करून घ्या. जर्मनी-नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना चढ जवळ नसेल, तर त्यांनी निदान सामान लादून सपाट कच्च्या वाटेवर पाच-सहा तास बसण्याची सवय करावी, कारण पाठ आणि मनगटं पायांच्या आधी हार मानतात.

स्वतःची सायकल नेलीच असेल तर परतण्याआधी तिच्यावरची माती आणि टायरच्या खाचांतल्या बिया ब्रशने नीट धुऊन काढा. ब्रेकपॅड तेव्हाच तपासा; साउलो ते कागदासारखे झिजवतो.